रुमालाखालचा हात

"बाकी सगळ्या खुणांना आकडा असतो, एका खुणेला मात्र नसतो, असं तो शेतकरी सांगत होता," इंदिराबाई म्हणाल्या आणि फुलक्याचा तुकडा त्यांनी गट्ट्यांच्या रश्शात बुडवला.

कुसुमलतेच्या हातातला चिमटा निखाऱ्यावर तसाच राहिला. फुलका टम्म फुगला, कडेला फुटला, त्यातून वाफेची बारीक शीळ आली आणि मग तो एका अंगानं काळा पडू लागला. हे सगळं तिला दिसत होतं, पण दुसऱ्या कुणाच्या चुलीवर चाललं असावं तसं. तिचं ध्यान उजव्या तळहातात, अंगठ्याच्या मुळाशी गोळा झालं होतं. तिथं आत्ताच कुणी नख ओढलं असावं अशी ती जागा चुरचुरत होती.

"बींदणी!" सासूबाई, जतनबाई, सुनेला दबक्या आवाजात म्हणाल्या. "पाहुण्यांना कोळसा वाढणार आहेस का?"

तिनं फुलका उचलला, करपलेला भाग मोडून चुलीत टाकला, दुसरा लाटायला घेतला. इंदिराबाईंचं लक्ष नव्हतं, किंवा असून त्यांनी दाखवलं नाही. त्या मुंबईच्या असेंब्लीच्या सभासद होत्या. नव्या निवडणुकीत बायकाही निवडून गेल्या, हे कुसुमलतेनं ऐकलं होतं. पण त्यातली एक आपल्या स्वयंपाकघरात पाटावर मांडी घालून बसेल आणि मिरचीचं लोणचं आणखी मागेल, असं तिच्या मनातही आलं नव्हतं. पन्नाशीच्या आतबाहेरची बाई, खादीचं पांढरं लुगडं, कपाळ मोकळं, बोटांवर शाईचे डाग. तिच्याबरोबर आलेल्या दोघा सभासदांना बाहेर बैठकीत सासरे, पारसमलजी, स्वतः आग्रह करकरून वाढत होते. बाई मात्र दारातच म्हणाल्या होत्या, "मी आत बायकांत बसते," आणि कुणी काही बोलायच्या आत चपला काढून थेट चुलीपाशी आल्या होत्या. जतनबाईंना कुठला पाट द्यावा हेच सुचेना.

ते तिघे धुळ्याला आले होते ते एका नियमासाठी. त्या नियमाबद्दल कुसुमलता गेला सबंध हंगाम भिंतीआडून ऐकत आली होती. कापसाच्या बाजारात भाव ठरायचा तो रुमालाखाली. शेतकरी गाडीपाशी उभा, त्याचा आडत्या आणि घेणारा व्यापारी एकमेकांचा हात धरून वर रुमाल टाकत, आत बोटं दाबत, सोडत, पुन्हा दाबत, आणि चेहरे असे कोरे ठेवत की जणू दोघेही कुणाच्या तरी मयताला आले आहेत. मग हात सुटे, आणि आडत्या शेतकऱ्याला भाव सांगे. याला हत्ता म्हणत. सरकारच्या खात्यानं बाजाराच्या कायद्याखाली नियम काढला : हत्ता बंद, बोली सर्वांसमोर तोंडानं लावायची. रुमाल गेले. पण खात्यानं केलेला नियम असेंब्लीच्या टेबलावर ठेवावा लागतो, आणि असेंब्लीला वाटलं तर ती तो खोडू शकते. हे आडत्यांना त्यांच्या वकिलानं सांगितल्यापासून बैठकीत रोज तोच विषय होता. कुसुमलतेचा नवरा, हस्तीमल, त्या सगळ्यांच्या वतीनं आज दुपारी लायब्ररीच्या हॉलमध्ये साक्ष देणार होता. आठवडाभर तो खोलीत येरझाऱ्या घालत भाषण पाठ करत होता. "कायद्यानं खात्याला बाजारावर देखरेख दिली. तराजू तपासा, परवाने द्या. माणसानं आपला हात उघडा ठेवावा की झाकून, हे ठरवायचा अधिकार कुणी दिला?" हे वाक्य तिला आवडायचं. पुढचं अधिक आवडायचं. "जिभेचा भरवसा नाही, पण हाताला खोटं बोलता येत नाही." ते म्हणताना तो तिच्याकडे बघून हसायचा, आणि ती मांडीवरच्या लेकीला थोपटत मान खाली घालायची.

"मग तुम्ही बाजारात जाऊन बघितलं का नाही, बाई?" जतनबाईंनी तूप वाढत विचारलं.

"गेले ना सकाळी. म्हटलं, पूर्वी कसं करत होता ते मला करून दाखवा. माझ्या हातावर. तर सगळे असे मागं सरले, जसा काही मी विंचू पुढं केला! एक उंचसा दलाल होता, जीवराम म्हणत होते त्याला. तो म्हणतो, बाई, तुमचा हात धरला तर संध्याकाळी घरात ताट मिळायचं नाही मला!"

जतनबाई पदरात तोंड घालून हसल्या. "जीवरामभाऊ ना? त्याच्या जिभेला हाडच नाही. आमच्या ओट्यावर बसून आमच्याच ह्यांची नक्कल करतो मेला."

"माझ्याबरोबरच्या दोघांना दाखवलं. एक बोट म्हणजे एक, पंजा म्हणजे पाच, असं सगळं. ते दोघे खूश. म्हणतात, यात वाईट काय? आणि खरं सांगू का जतनबाई, मलाही खात्यांचा हा सोस आवडत नाही. उठलं की नियम, बसलं की नियम. असेंब्लीला विचारायचं कधी, तर करून झाल्यावर. आत नुसता भावच ठरत असेल तर हा नियम खोडा असं मी सगळ्यात आधी म्हणेन. पण तो शेतकरी, कौतिक पाटील, म्हणतो, भाव ठरून झाल्यावरही आडत्याचं मनगट हलतं. एकदाच. तेव्हा आत काय होतं ते त्याला ठाऊक नाही. आणि विचारलं की सगळे म्हणतात, काही नाही, म्हाताऱ्याचा भ्रम." त्यांनी बोटं चाटली. "भ्रम असेल तर रुमाल परत येऊ दे. नसेल तर नियम राहायला हवा. पण मला कळणार कसं? माझा हात कुणी धरत नाही."

बाहेरून पारसमलजींचं हसणं ऐकू आलं. त्यांना आजची काळजी नव्हती. दोघा पुरुषांना खुणा दाखवून झाल्या होत्या, आणि बाईला दाखवायचा प्रश्नच नव्हता.

कुसुमलतेला आगगाडी आठवली. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते. जळगावहून पहिल्यांदा सासरी निघालेली, घुंगटाच्या आत सगळं जग लाल; समोरच्या बाकावर सासूसासरे, शेजारी अजून नीट न पाहिलेला नवरा. थंडीचे दिवस म्हणून त्याच्या आणि तिच्या गुडघ्यांवर एकच शाल. मोठ्यांसमोर नवराबायकोनं बोलायचं नाही, हे तिला माहेरीही शिकवलेलं. सासऱ्यांसमोर तर सुनेचा आवाजच निघता कामा नये. लग्नानंतर आजवर पारसमलजींनी तिचा आवाज ऐकलेला नव्हता. काही सांगायचं असलं की ती सासूबाईंच्या कानात कुजबुजायची, त्या नसल्या तर बांगड्या वाजवायची, आणि बांगड्या किती नि कशा वाजल्या यावरून त्यांना पाणी हवं की ताट आलं हे कळायचं. गाडीनं चाळीसगावला रूळ बदलले, डबा एका बाजूला कलला, आणि शालीखाली त्याच्या हाताला तिचा हात लागला. तो काढून घेईल असं तिला वाटलं. त्यानं काढला नाही. त्यानं तिचं एक बोट धरलं आणि दाबलं. मग दोन. ती घाबरून बाहेर बघत राहिली. बाभळी मागं पळत होत्या, सासूबाई डुलक्या घेत होत्या, सासरे वर्तमानपत्रात होते, आणि शालीखाली कुणीतरी तिच्याशी बोलत होतं. काय बोलत होतं ते तिला कळत नव्हतं. तरी आपल्याशीच कुणी बोलतंय, एवढं पुरेसं होतं. धुळं यायच्या आधी त्यानं तिच्या अंगठ्याच्या मुळाशी नखाची एक हलकी ओढ काढली. तिच्या अंगावर काटा आला तो स्टेशनावर उतरेपर्यंत गेला नाही.

पुढं त्यानं तिला सगळे आकडे शिकवले. आकड्यांना मग त्यांनी आपापसात अर्थ दिले. दोन म्हणजे भूक लागली, पंजा म्हणजे बैठकीत कंटाळा आला, चार म्हणजे आज साडी छान दिसते. अंगणात सगळे बसलेले असायचे, ती लेकीला त्याच्या मांडीवर ठेवायला वाकायची आणि दुपट्याखाली दोन शब्द होऊन जायचे. एकदा तिनं विचारलं होतं, "आणि ते नखाचं? त्याचा आकडा कुठला?" तो लाजल्यासारखा झाला होता. हे तिला नीट आठवत होतं, त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. "त्याला आकडा नाही," तो म्हणाला होता. "ते फक्त तुझं-माझं." तिला वाटलं होतं, हे ह्यानं माझ्यासाठी घडवलं. लोक सोनाराकडून काहीबाही घडवून आणतात. तिला ते नख तसं वाटायचं. कुठं घालून मिरवता येत नव्हतं, पण होतं.

जेवणं झाली. जतनबाई विडे लावायला माजघरात गेल्या. कुसुमलता मोरीपाशी तांब्या घेऊन उभी राहिली, इंदिराबाईंच्या हातांवर पाणी घालू लागली. शाई गेली नाही. तेवढ्यात पाळण्यातून लेक रडली आणि तिनं आणायच्या आधीच इंदिराबाईंनी ओल्या हातांनी तिला उचललं. "ये गं ये. आईला काम आहे. तू माझ्याशी बोल. तुझी आई काही बोलत नाही वाटतं?" लेक गप्प झाली. अनोळखी खांद्यावरून ती आपल्या आईकडे बघत राहिली, इतक्या गंभीरपणानं की कुसुमलतेला हसू आलं असतं. "थंडी आहे, शाल दे हिची," बाई म्हणाल्या. कुसुमलता शाल घालायला जवळ गेली. शालीच्या आत लेकीच्या पाठीखाली बाईंचा उघडा तळहात होता.

तिनं काही ठरवलं नव्हतं. पुढं कितीदा तरी तिनं मनाशी तो क्षण उलगडून पाहिला, पण त्यात ठरवल्याची जागा तिला कुठं सापडली नाही. शेतकऱ्यांचं भलं, नियम, असेंब्ली, यातलं काहीच तिच्या डोक्यात नव्हतं. तिला फक्त जाणून घ्यायचं होतं. ही बाई म्हणेल, छे, हे नव्हे, कौतिक पाटलाचं वेगळं आहे, आणि मग तिचं नख तिचं राहील. एवढीच तिची आशा होती. तिनं बाईंचा हात धरला. बाई दचकल्या, पण हलल्या नाहीत. तिनं एक बोट दाबलं, मग दोन, मग पंजा. बाईंचे ओठ हलले, त्या मनाशी आकडे म्हणत होत्या. मग तिनं अंगठ्याच्या मुळाशी नखाची एक ओढ काढली. ती काढताना तिला स्वतःचंच मनगट दिसलं. लेकीच्या शालीबाहेर राहिलेलं, हिरव्या बांगड्यांतलं, एकदाच हललेलं.

इंदिराबाई त्या मनगटाकडे बघत होत्या.

"असंच," त्या हळू म्हणाल्या. "अगदी असंच करून दाखवलं होतं त्यानं. मनगट असंच हलतं म्हणाला." मग घुंगटाच्या आत डोळे शोधत : "याचा अर्थ काय गं? हे आपल्या दोघांत, असा? म्हणजे खरा भाव आपल्यात, वर सांगायचा तो दुसरा?"

कुसुमलतेनं मान हलवली. होय अशीही नव्हती, नाही अशीही नव्हती. पण बाईंना ती होय वाटली असणार, कारण त्यांनी लेकीला तिच्याकडे देताना तिचा हात मुठीत धरून क्षणभर दाबला. "तुझं नाव माझ्या तोंडून कुठं निघायचं नाही," त्या म्हणाल्या. त्या दाबण्यात कुठलाही आकडा नव्हता.

टांगे गेले, घर रिकामं झालं. पुरुष सगळे हॉलकडे. जतनबाई थकून आडव्या झाल्या. कुसुमलता माळवदाच्या जिन्यापाशी लेकीला पाजत बसली. लेक दूध पिताना तिचं बोट मुठीत धरून ठेवी, सैल करी, पुन्हा घट्ट धरी. या मुठीत काही लपवलेलं नाही, असं कुसुमलतेच्या मनात आलं. आणि मग असंही आलं की अजून तरी नाही. तिला झुंबरबाईची आठवण झाली. झुंबरबाई म्हणजे त्याच कौतिक पाटलाची बायको. त्यांचा कापूस या घराच्याच आडतीला यायचा. ती दर हंगामात गाडीबरोबर यायची, बाजारात गाडीपाशी उभी राहून कंटाळली की मागच्या अंगणात येऊन बसायची, भरताची पांढरीहिरवी वांगी घेऊन यायची, आणि या जैन घरात ती शिजणार की नाही याची चौकशी न करता ठेवून जायची. मागं एकदा, रुमाल होते तेव्हा, ती म्हणाली होती, "बठ्ठा बोटंसना खेळ शे माय. कापूस आम्हना, गाडी आम्हनी, नि भाव आम्हलेच माहीत नही. दोन जन हात धरतस, नि मी उभी ऱ्हास परकी बाईनागत." आणि मग खो खो हसून, "मना धनीनी मना हात असा कधी धरा नही!" कुसुमलताही हसली होती. घुंगटाच्या आत, मनातल्या मनात, जरा तोऱ्यानंही. माझा धरतो, असं तिला वाटलं होतं. ती परकी उभी राहिलेली बाई आणि शालीखाली हात दिलेली आपण, यांच्यामध्ये तेव्हा तिला एक मोठी भिंत दिसली होती. आता तिला वाटलं की त्या दिवशी अंगणात दोघी बसल्या होत्या तेव्हा बाजारात झुंबरबाईच्या कापसावर रुमाल पडलेला असणार, आणि रुमालाखाली हस्तीमलचा हात असणार. तोच हात संध्याकाळी घरी आला असणार, धुऊन, पुसून, दुपट्याखाली. नख तेच. आधी कुणाच्या तळहातावर उमटलं, मग कुणाच्या. तिनं डोळे मिटले. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. पण राग येत नव्हता. एखादी साडी अंगावर घालून बरेच दिवस झाल्यावर ती दुसरीची होती असं कळावं, आणि तरी ती अंगालाच बसलेली असावी, तसं काहीतरी होतं. हॉलमध्ये आत्ता तो उभा असेल. हाताला खोटं बोलता येत नाही, म्हणत असेल. ते म्हणताना कुणाकडे बघून हसत असेल? तिला त्याची दया आली, आणि दया आल्याचं नवल वाटलं.

दिवस कलायच्या आधी सगळे परतले. या घरात सूर्य बुडाल्यावर कुणी पाणीही घेत नसे, म्हणून संध्याकाळचं जेवण नेहमी घाईचं. पण आज घाई नुसती जेवणाची नव्हती. पारसमलजी पगडी न उतरवताच पाटावर बसले. शेजारी हस्तीमल. त्याचा चेहरा तिनं घुंगटातून पाहिला : रुमालाखाली हात असताना ठेवतात तसा, कोरा. जतनबाई वाढत होत्या, कुसुमलता फुलके आणून देत होती.

"काय झालं?" जतनबाईंनी विचारलं.

"काय व्हायचं राहिलं ते विचार," पारसमलजी म्हणाले. "ह्यानं छान सांगितलं. ते दोघे माना डोलवत होते. ह्यानं सांगितलं, भावाशिवाय दुसरी खूणच नाही. कागदावर लिहून घेतलं. तर ती बाई उठली, शेजारच्या त्यांच्या अध्यक्षाचा हात धरला, भर सभेत, रुमाल नाही, काही नाही, आणि इथं," त्यांनी उष्टा हात वर करून स्वतःच्या अंगठ्याचं मूळ दाखवलं, "इथं नख ओढून ह्याला विचारलं, मग हे काय?"

"मग?"

"मग काय? हा उभा. आपल्याच हाताकडे बघत. बाईचं मनगट हललेलं बघून लगेच तो कौतिक मागून ओरडला, हाईच शे, हाईच शे! झालं. नियम आता हलत नाही. त्याचं मला काही नाही, तोंडानं बोली लावायची तर लावू. पण मुंबईला आपलं नाव खोटं बोलणारे म्हणून वाचलं जाईल." त्यांनी घास मोडला, पण तोंडात घातला नाही. "कौतिकला खूण असते एवढंच ठाऊक. कुठं, कशी, ते त्याला ठाऊक नाही. बाईनं बरोबर जागेवर नख ठेवलं. तिचा हात हातात घेऊन कुणीतरी शिकवलंय."

"बाजारातलाच कुणी असेल," जतनबाई म्हणाल्या.

कुसुमलता चुलीकडे गेली, फुलका घेऊन परत आली. त्या जाण्यायेण्यात तिला दिसलं की हस्तीमलला कळलं आहे. तो तिच्याकडे बघत नव्हता, आणि न बघण्याची त्याची रीत तिला ओळखीची होती.

"जीवराम असेल," हस्तीमल म्हणाला.

"जीवराम?"

"सकाळी बाईंशी हसून बोलत होता सगळ्यांदेखत. गेल्या वर्षी आपण त्याला बोललो होतो दलालीवरून. ते त्याच्या मनात असेल."

पारसमलजींनी मान हलवली, हिशोब पटल्यावर हलवतात तशी. "वाटलंच होतं मला. ओट्यावर बसून माझी नक्कल करतो, मी पाहिलं नाही असं समजतो. उद्यापासून त्यानं आपली पायरी चढायची नाही. नुसती आपलीच नाही. सगळ्या आडत्यांना सांगतो, त्याच्या हातात कुणी सौदा द्यायचा नाही. बघू धुळ्यात काय खातो ते."

"दोन लेकी लग्नाच्या आहेत हो त्याच्या," जतनबाई पुटपुटल्या.

"मग बोलण्याआधी त्यांचा विचार करायचा होता."

कुसुमलता फुलका वाढायला हस्तीमलच्या ताटावर वाकली. त्यानं तो वरच्यावर हातात घ्यायला हात पुढं केला, तसं तो कधी करत नसे. फुलक्याच्या खाली, गरम वाफेत, त्याच्या हातानं तिचा हात धरला. त्याच्या नखाची एक हलकी ओढ तिच्या अंगठ्याच्या मुळाशी उमटली. हे तुझं-माझं. त्यात काकुळत होती, माफी होती, माया होती. आगगाडीत होती तेवढीच माया होती, हेही तिला कळलं, आणि ते कळलं नसतं तर पुढचं सोपं गेलं असतं. तो तिला वाचवत होता. तिनं नुसतं उभं राहायचं होतं. आतापर्यंत या घरात ती तेवढंच करत आली होती, आणि ते तिला चांगलं येत होतं. उंच, लांब हातापायांचा जीवराम ओट्यावर बसून सासऱ्यांसारखी पगडी सावरायचा ते तिच्या डोळ्यांपुढं आलं, आणि एक परकी बाई, कापसाच्या गाडीपाशी, दोन माणसांच्या धरलेल्या हातांकडे बघत उभी असलेली.

तिनं आपला हात काढून घेतला. फुलका ताटात पडला.

"जीवरामभाऊंनी नाही," ती म्हणाली. "मी दाखवलं."

आवाज तिला वाटला होता त्याहून जाड निघाला, जरा घोगरा, आणि नको तेवढा मोठा. जतनबाईंनी तुपाची वाटी खाली ठेवली. हस्तीमलनं डोळे मिटून घेतले. पारसमलजींनी मान वर केली आणि आधी दाराकडे पाहिलं, मग खिडकीकडे. हे कोण बोललं, हे त्यांना कळलं नव्हतं.